वाद्यवृंद कोणाला शोभतो?

चित्रपटाचे संगीत चित्रपटापासून तोडून ऐकणे हा रसिकतेचा नव्हे, अडाणीपणाचा प्रकार आहे, असे मत आमच्या व्यवसायबंधूंमध्ये वरचेवर ऐकू येते. चर्चासत्राच्या दुसऱ्या दिवशी, जेवणानंतरच्या सत्रात, ‘साहित्य आणि इतर कला’ या हमखास विषयावर बोलताना कोणीतरी ते मांडतोच. युक्तिवाद साधारण असा असतो : पार्श्वसंगीत दृश्याच्या सेवेसाठी जन्माला येते, त्याचा आरंभ, अंत, लांबी आणि चढउतार ही सारी संकलकाच्या कात्रीने ठरलेली असतात, म्हणून पडदा काढून घेतला की उरतो तो नुसता सांगाडा. ऐकायला हे सयुक्तिक वाटते. आमच्या मते ते अर्धवट आहे, आणि ‘सैराट’च्या संगीताबाबत ते जेव्हा वापरले जाते तेव्हा ते अर्धवट राहत नाही, अप्रामाणिक होते. या लेखाचा रोख त्या अप्रामाणिकपणावर आहे.

आधी तत्त्वाचा भाग उरकून टाकू. प्रयोगासाठी रचलेले संगीत प्रयोगाबाहेर काढून ऐकण्याची सवय मराठी माणसाला नसेल तर ती जगात कोणालाच नाही. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले, १९११ साली गोविंदराव टेंब्यांच्या चालींचे ‘मानापमान’ आले, १९१६ साली भास्करबुवा बखल्यांच्या चालींचे ‘स्वयंवर’ आले. या नाटकांचे प्रयोग आज कितीसे होतात? त्यांतली पदे मात्र गणेशोत्सवाच्या मांडवापासून आकाशवाणीच्या सकाळच्या सभेपर्यंत सर्वत्र गायली जातात. ऐकणाऱ्या शंभरांतल्या नव्वदांना ते पद कोणत्या प्रवेशात, कोणाच्या तोंडी, कोणत्या प्रसंगी येते हे ठाऊक नसते आणि त्यावाचून त्यांचे काही अडतही नाही. जितेंद्र अभिषेकींनी ‘मत्स्यगंधा’ (१९६४) आणि ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) यांच्यासाठी केलेल्या चालींचेही तेच झाले. म्हणजे तोडून ऐकणे हा आमच्याकडचा जुना, प्रतिष्ठित, घराणेदार व्यवहार आहे. त्याला अडाणीपणा म्हणायचे तर मग बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका विकत घेणाऱ्या दोन पिढ्या अडाणी ठरतील.

बाहेरचा दाखला हवा असेल तर आमच्या अभ्यासक्रमांत ज्याचे नाव घेतल्यावाचून नाटकाची प्रश्नपत्रिका पुरी होत नाही त्या इब्सेनचाच घ्यावा. ‘पेअर गिंट’च्या १८७६ च्या प्रयोगासाठी ग्रीगने संगीत लिहिले आणि पुढे त्यातूनच मैफिलीत वाजवण्याजोगे दोन संच स्वतः बांधले. नाटक न वाचलेल्या, न पाहिलेल्या लोकांनीही ते संच डोक्यावर घेतले. प्रोकोफिएव्हने ‘अलेक्झांडर नेव्हस्की’ (१९३८) या चित्रपटाच्या संगीतातून पुढच्याच वर्षी गायकवृंदासह वाजवायची स्वतंत्र रचना सिद्ध केली. यात महत्त्वाची गोष्ट अशी की दोघांनीही मूळ तुकडे जसेच्या तसे जोडले नाहीत. क्रम बदलला, सांधे नव्याने घातले, जिथे दृश्य नसल्यामुळे पोकळी पडत होती तिथे संगीताने ती भरून काढली. तोडून ऐकता येते, पण तोडताना काहीतरी शिवावे लागते, हे त्यांना कळत होते. जॉन विल्यम्स यांनी १९८२ साली ‘ई.टी.’ची ध्वनिमुद्रिका काढताना चित्रपटातले ध्वनिमुद्रण न वापरता ऐकण्यासाठी वेगळी मांडणी वाजवून घेतली, तीही याच जाणिवेतून. आणि संगीत नेहमी दृश्याच्या मागूनच येते हेही खरे नाही. सर्जिओ लिओनेच्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ (१९६८) साठी मोरिकोनेने मुख्य धून चित्रीकरणाआधी तयार केल्या होत्या आणि त्या चित्रीकरणस्थळी वाजवल्या जात. तिथे नट आणि कॅमेरा संगीताच्या मागे चालले.

रा. भा. पाटणकरांची ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) शिकवणाऱ्यांना तर हा प्रश्न नवा वाटूच नये. कलाकृती स्वायत्त की जीवनाशी बांधलेली, हे द्वंद्व त्यांनी एका बाजूने सोडवून टाकले नाही. सौंदर्याच्या संकल्पनेलाच दोन ध्रुव आहेत असे दाखवले. मर्ढेकरांच्या बाजूने पाहणाऱ्याने संगीताची लय त्या संगीतातच शोधावी. दुसऱ्या ध्रुवाकडून पाहणाऱ्याने ते कोणासाठी, कोणत्या माणसांच्या गोष्टीत वाजते आहे ते विचारावे. आमचे व्यवसायबंधू करतात ते वेगळेच. कविता शिकवताना ते मर्ढेकरांच्या बाजूला असतात. चित्रपटसंगीताची वेळ आली की एकदम संदर्भवादी होतात. ही हातचलाखी आहे. नाट्यपदे आम्ही तोडून ऐकतो, कारण त्यात शब्द आहेत आणि शब्दांना धरून आम्हांला चालता येते. शब्द संपून वाद्ये सुरू झाली की मराठी समीक्षकाचा कान बंद पडतो, आणि बंद पडलेल्या कानाला तो ‘संदर्भाचे भान’ असे नाव देतो. चित्रपटसंगीतावर मराठीत लिहिले गेलेले बहुतेक लेखन गीतकार, गायक आणि आठवणी यांच्यापलीकडे का जात नाही, याचे उत्तर इथे आहे. अपवाद आहेतच. केशवराव भोळे यांच्यासारखा स्वतः चाली देणारा माणूस संगीतावर लिहायलाही बसला, भास्कर चंदावरकरांनी वाद्यांवर आणि चित्रपटसंगीतावर मराठीत लिहिले, अशोक रानड्यांनी तर कोटी आखून दिल्या. त्यांच्या वाटेने किती जण गेले?

आता ‘सैराट’कडे येऊ. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. संगीत अजय-अतुल यांचे. त्यासाठीचा पाश्चात्त्य वाद्यवृंद लॉस एंजेलिसमधल्या सोनीच्या ध्वनिमुद्रणगृहात, म्हणजे जिथे एके काळी एमजीएमच्या चित्रपटांचे संगीत मुद्रित होई त्या दालनात, वाजवून घेतला गेला. त्या गोष्टीची प्रसिद्धी इतकी झाली की संगीत ऐकण्याआधीच दोन तट पडले. एक तट म्हणू लागला, हॉलिवूडचा वाद्यवृंद आहे म्हणजे संगीत जागतिक दर्जाचे झाले. याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. ध्वनिमुद्रणाचा पत्ता हा गुण नव्हे, आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ ही आपल्याकडे २०१६ साली आलेली वस्तूही नव्हे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड अशा गोमंतकीय वादक-संयोजकांनी पन्नास-साठच्या दशकांतल्या हिंदी गाण्यांना व्हायोलिन-चेलोंचे जे अस्तर लावले, त्याच्यावर आपले कान वाढलेले आहेत. त्यांची नावे श्रेयनामावलीत बहुधा नसत, एवढेच.

दुसरा तट आम्हांला जवळचा, कारण त्यात आमच्यासारखेच लोक आहेत. त्यांचे म्हणणे : करमाळ्याच्या मातीतल्या प्रेमकथेला हा परदेशी वाद्यवृंद पेलत नाही, ते संगीत ‘ओढूनताणून भव्य’ आहे, तिथे हलगी, संबळ, फार तर बासरी शोभली असती. क्षेमेंद्राचे नावही घेतले गेले. औचित्य हा आमच्या व्यवसायातला मोठा सोयीचा शब्द आहे. ज्याची कारणे देता येत नाहीत त्यावर तो चिकटवता येतो.

आम्ही इंदापूर तालुक्यातले, वरकुट्याच्या पट्ट्यात राहणारे. उजनीच्या फुगवट्याच्या या काठाला आम्ही आणि त्या काठाला करमाळा तालुका, जिथे ‘सैराट’ घडतो आणि जिथे त्याचा दिग्दर्शक वाढला. ऊस, केळी, कोरडी ढेकळे, मध्येच लांबवर पसरलेले पाणी, त्यावर आलेले पक्षी, मासेमारी करणारी कुटुंबे : हा प्रदेश ‘लहान’ आहे असे फक्त पुण्यामुंबईतून पाहणाऱ्याला वाटू शकते. उन्हाळ्यात पाणी मागे सरकल्यावर उघडा पडणारा माळ ज्याने पाहिला आहे, त्याला चाळीस व्हायोलिने जास्त वाटणार नाहीत. पण मुद्दा भूगोलाचा नाही. मासेमाऱ्याचा मुलगा आणि पाटलाची मुलगी यांच्या प्रेमाला हलगीच शोभते, या वाक्याचा खरा अर्थ काय? मुंबईच्या नायकाने स्वित्झर्लंडच्या उतारावर हात पसरले की शंभर वाद्ये वाजतात, तेव्हा औचित्याचा प्रश्न कोणी काढत नाही. तो नायकही तिथला नसतोच. परश्या विहिरीत उडी टाकतो तेव्हाच मात्र वाद्यांची जात तपासली जाते. लोकवाद्यांविषयीचे हे प्रेम म्हणजे प्रत्येकाने आपापल्या पायरीवर बसून वाजवावे, एवढीच इच्छा आहे. अजय-अतुल यांचा सर्वांत धीट निर्णय कोणता असेल तर तो हा की त्यांनी ती पायरी मानली नाही. ‘जोगवा’ करून, त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार घेऊन झालेल्या या दोघांना लोकवाद्ये येत नव्हती असे म्हणण्याची सोय कोणालाच नाही.

तथापि निर्णय धीट आहे म्हणून संगीत चांगले ठरत नाही. आमचे पहिल्या तटाशी जितके भांडण आहे तितकेच, चित्रपटाच्या सामाजिक आशयाच्या पुण्याईवर संगीताला गुण देणाऱ्यांशी आहे. म्हणून आम्ही ते तोडून ऐकले. ध्वनिमुद्रिकेचा संच चार गाण्यांचा आहे : ‘याड लागलं’, ‘आताच बया का बावरलं’, ‘सैराट झालं जी’ आणि ‘झिंगाट’. निव्वळ पार्श्वसंगीताचा एकही तुकडा त्यात नाही. तेव्हा वाद्यवृंद ऐकायचा तो गाण्यांच्या आरंभी, कडव्यांच्या मधल्या जागांत आणि गायकाच्या पाठीमागे. (वर्गात ही गाणी लावली तेव्हा विद्यार्थ्यांना आम्ही एकच सूचना केली होती : गायकाकडे दुर्लक्ष करा. ती पाळणे किती अवघड आहे हे ज्याने करून पाहिले त्यालाच कळेल.)

‘याड लागलं’ची चाल वाद्यवृंदाविना उभी राहते. याला पुरावा द्यायला नको. आमच्या भागातल्या वरातीत बँजो पार्टी ती वाजवते, उसाच्या ट्रॅक्टरवरच्या फाटक्या कर्ण्यातून ती येते, आणि ती ओळखू येते इतकेच नाही तर आवडते. मग वाद्यवृंदाने तिच्यात काय घातले? आमच्या कानाला असे वाटते की त्याने तिला अंतर दिले. बँजोवर ती चाल कानाशी लागून बोलते. व्हायोलिनांचा समूह तिच्या खालून हळूहळू वर सरकतो तेव्हा तोच माणूस दुरून, मोकळ्या जागेतून दिसू लागतो. सुराखाली सूर ठेवण्याची ही पाश्चात्त्य रीत एकपदरी चालीला मारून टाकू शकते; आपल्याकडच्या अनेक ‘भव्य’ गाण्यांत तसे झालेलेही आहे. इथे तसे होत नाही, कारण वाद्ये चालीला वळण लावायला जात नाहीत, तिच्या विसाव्याच्या जागा भरतात. मुलाचे बोलणे अडखळते, ठेचकाळते. जिथे तो थांबतो तिथे वाद्ये बोलतात. ही रचना चित्रपट न पाहिलेल्यालाही कळेल. मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलायचे तर संवाद आणि विरोध दोन्ही संगीताच्या आतच आहेत, त्यांसाठी पडद्याची साक्ष काढावी लागत नाही.

‘आताच बया का बावरलं’ हे आमच्या मते चारांतले सर्वांत काटकसरीने बांधलेले गाणे. त्याबद्दल एवढेच पुरे.

‘सैराट झालं जी’मध्ये मात्र तोडून ऐकण्याची कसोटी दया दाखवत नाही. द्वंद्वगीताच्या मधल्या जागांत वाद्यवृंद पुन्हापुन्हा शिखरावर चढतो. पडद्यावर ते खपते, कारण प्रत्येक चढणीला एक दृश्य आहे, धावणे आहे, मंदगती आहे, दोन चेहरे आहेत. डोळे मिटून ऐकले की ध्यानात येते, शिखरे एकाच उंचीची आहेत. पहिल्याने जे मिळाले त्यात दुसरे भर घालत नाही. इथे वाद्ये चालीतून नवे काही काढत नाहीत, तिला फक्त मोठी करतात. हान्स आइसलर आणि अडोर्नो यांनी चित्रपटसंगीतावरच्या १९४७ च्या पुस्तकात वाग्नरच्या सूत्रधुनींची चित्रपटात जी गत होते तिच्याविषयी तक्रार केली होती : धुनीला वाढायला अवकाश नाही, म्हणून ती नुसती ओळखीची पाटी बनते. तीच तक्रार इथे लागू पडते. हा दोष हॉलिवूडच्या दालनाचा नव्हे आणि ‘परकेपणा’चाही नव्हे. तो रचनेचा दोष आहे, आणि पडद्यासह ऐकणाऱ्या कोणालाही तो ऐकू आला नाही. तोडून ऐकण्याचा उपयोग तो हाच.

याच्या उलटचे उदाहरण म्हणून हान्स झिमर यांचे ‘रँगो’चे (२०११) संगीत घ्यावे. ‘रँगो’ हा बोलपट-व्यंगचित्राच्या तंत्राने केलेला वेस्टर्न, नायक सरडा. तिथले संगीत सारखे मोरिकोनेकडे डोळा मारत असते. मोरिकोनेच्या शिट्ट्या आणि गिटार ज्याच्या कानात नाहीत त्याला निम्मी गंमत कळत नाही, आणि सरडा दिसत नसेल तर उरलेली निम्मीही धोक्यात येते. पण आमच्याकडे विडंबनाची परंपरा आहे, म्हणून याचा निवाडा आम्हांला अवघड जाऊ नये. अत्र्यांची ‘झेंडूची फुले’ (१९२५) रविकिरण मंडळाच्या कवितेवर उभी आहेत. मंडळाची कविता आज कितीशी वाचली जाते? तरी ‘झेंडूची फुले’ वाचवतात, कारण अत्र्यांचे वृत्त पक्के होते, यमक पक्के होते, ओळ कुठे मोडायची हे त्यांना कळत होते. ज्याची टर उडवली तो विस्मरणात गेला तरी पद्य टिकले. ‘रँगो’च्या संगीतातले जे तुकडे असे टिकतात ते ताल आणि वाद्यांच्या रंगावर टिकतात, जे टिकत नाहीत ते नुसते डोळे मिचकावत राहतात. संदर्भ असणे हा गुण नाही, संदर्भावाचून पडणे हा दोष आहे, इतके साधे आहे हे. अजय-अतुल यांच्या बाजूने एक गोष्ट निःसंशय सांगता येते : त्यांचा वाद्यवृंद कोणाकडेही डोळा मारत नाही. परश्या-आर्चीकडे वरून हसत पाहणारी एकही वाद्यपंक्ती त्या संचात आम्हांला आढळली नाही.

आणि ज्यांना अजूनही वाटते की संगीत आणि चित्रपट यांची गाठ सोडवताच येत नाही, त्यांच्यासाठी बाजाराने एक प्रयोग फुकटात करून ठेवला आहे. २०१८ साली ‘धडक’ हा हिंदी अवतार आला. गोष्ट उदयपूरला गेली, माणसे बदलली, भाषा बदलली, ‘याड लागलं’ची चाल ‘पहली बार’ झाली, ‘झिंगाट’ ‘झिंगाट’च राहिले. चाली त्याच, संगीतकार तेच. त्या चाली तिथेही ऐकवल्या. चित्रपट मात्र पुष्कळांना पोकळ वाटला, आम्हांलाही. संगीत चित्रपटावाचून जगू शकते आणि संगीत चित्रपटाला जगवू शकत नाही, या दोन्ही गोष्टी एकाच प्रयोगात सिद्ध झाल्या. नाट्यपदांच्या बाबतीत आपल्या आजोबांना हे ठाऊक होते.

एक आक्षेप मात्र खरोखर वजनाचा आहे. तो आमच्याच विभागातल्या एका सहकारी बाईंनी घेतला. ‘सैराट’चा शेवट निःशब्द आहे. लहान मूल रक्तात पावले उमटवत बाहेर चालत जाते तेव्हा वाद्यवृंद नाही, आवाजच नाही. त्यांचे म्हणणे, या संगीताची सर्वांत मोठी जागा ही आहे आणि तोडून ऐकणाऱ्याला ती कधीच मिळणार नाही. आमचे उत्तर असे की ती जागा संगीतकारांइतकीच दिग्दर्शकाची आहे, आणि तिला मराठी चित्रपटात पूर्वज आहे. शांतारामबापूंनी १९३७ साली ‘कुंकू’त पार्श्वसंगीतच काढून टाकले होते, भोवतालचे आवाज तेवढे ठेवले. ते करायला संगीत कशासाठी असते हे नेमके ठाऊक असावे लागते. दीड तास वाद्यवृंदाने कान भरल्यानंतरची शांतता आणि मुळातच वाद्ये नसलेल्या चित्रपटातली शांतता एक नव्हे. पहिली शांतता त्या वाद्यवृंदाच्या हिशेबात धरली पाहिजे, हे बाईंचे म्हणणे आम्ही मान्य करतो. मात्र तो हिशेब चित्रपटाच्या समीक्षेचा आहे. संचाच्या समीक्षेत जे मांडायचे ते चार गाण्यांचेच, आणि तिथे शेवटी शांतता नाही, ‘झिंगाट’ आहे, ज्यात वाद्यवृंदाला फारसे काम नाही आणि जे वरातीत सर्वांत जास्त वाजते.